गट ऑफिसचा संगणक आणि गाण्यांचा प्रश्न



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले, "साहेब, गट ऑफिसात नोंद द्यायला गेलं की संगणकावर गाणी चालू असतात. संगणक आमच्या पैशाचा. त्यावर क्लार्कनं गाणी ऐकायची का?" सभेत हशा झाला. मागच्या बाजूने कुणी तरी "ऐकू द्या की, बिचारा दिवसभर बसून असतो" असेही म्हणाले, आणि चर्चा ऊसदराकडे वळली. विचारणाऱ्याला उत्तर मिळाले नाही. ते उत्तर शेतकी विभागानेच द्यायला हवे, कारण गट ऑफिसे आमच्याकडे आहेत. शिवाय या प्रकरणात आमचीही एक चूक आहे, ती पुढे सांगतोच.

प्रश्न असा की, कारखान्याच्या मालकीच्या संगणकावर कर्मचाऱ्याने स्वतःच्या करमणुकीचे सॉफ्टवेअर बसवावे की नाही? सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला काम सांगणारी आज्ञावली. गाणी वाजवणारी एक असते, चित्रपट दाखवणारी दुसरी, मोबाईलमधले फोटो उतरवून घेणारी तिसरी. घरच्या संगणकावर हे सगळे असते आणि त्यात गैर काही नाही. कचेरीच्या संगणकावर असावे का, यावर मात्र जगभरच्या कचेऱ्यांतून गेली वीस-पंचवीस वर्षे वाद चालू आहे. आपल्या ई.डी.पी. विभागाचे मत आहे की सरसकट बंदी घाला. काट्यावरच्या आणि गट ऑफिसातल्या मंडळींचे म्हणणे, एवढ्यातेवढ्यावरून कशाला माणसाला धारेवर धरता? आमचे मत या दोन्हींहून जरा वेगळे आहे.

संगणकात सभासदाचे काय आहे?

पूर्वी लाल कापडी बांधणीची नोंदवही असे. चिटबॉय शेतावर जाऊन यायचा, क्लार्क वहीत लिहायचा, सभासद सही किंवा अंगठा करायचा. आता तीच वही संगणकात गेली आहे. तुमचे नाव, सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात को ८६०३२ की को एम ०२६५, लागण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, बँकेचे खाते, हे सगळे त्यात आहे. आणि सर्वांत महत्त्वाची ती लागणीची तारीख. तोडणीचा कार्यक्रम या तारखेवर लागतो. तारीख महिन्याने पुढे गेली की पाळी मागे पडते. पाळी मागे पडली की उसाला तुरा येतो, वजन घटते, खोडवा उशिरा धरावा लागतो आणि मोकळ्या रानात गहू-हरभरा करायचा असेल तर तोही हुकतो. हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

दुसरी जागा वजनकाट्याची. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन पडते. गव्हाणीवर रिकामी होऊन परत येते, रिकाम्या गाडीचे वजन पडते. वजाबाकी होईल तो तुमचा ऊस. ही वजाबाकी संगणक करतो आणि चिठ्ठी छापतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि त्या बिलाचा पाया ही चिठ्ठी. काट्याची पडताळणी करून वैधमापनशास्त्र विभाग शिक्का मारतो, तो लोखंडी काट्याची खात्री देतो. शेजारच्या टेबलावरच्या संगणकात कोणी काय बसवले आहे, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

तेव्हा गाणे ऐकले याबद्दल आमची तक्रार नाही. गाण्याबरोबर त्या संगणकात आणखी काय शिरते, हे पाहिले पाहिजे.

आमच्या हातून झालेली चूक

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. पाचट न जाळता सरीत कुजवण्याची एक चांगली फिल्म आमच्या हाती आली होती. नोंदीच्या निमित्ताने शेतकरी गट ऑफिसात येतात, तेव्हा पाच-दहा मिनिटे ती दाखवावी असे आम्ही ठरवले. एका गट ऑफिसच्या संगणकावर फिल्म उघडेना. आम्ही घाईत होतो. क्लार्कला म्हणालो, "नेटवरून काही तरी वाजवणारं टाकून घे बाबा." त्याला संगणकाची पूर्ण मोकळीक देणारा पासवर्डही आम्हीच ई.डी.पी. कडून मागून दिला. फिल्म दिसली. शेतकरी खूष, आम्हीही खूष.

दार एकदा उघडे राहिले की ते कोण लावतो? त्या मुलाने पुढे गाण्यांचे एक सॉफ्टवेअर टाकले, मग स्वतःचा मोबाईल संगणकाला जोडण्याचे टाकले. तो वाईट कर्मचारी मुळीच नव्हे. नोंदीला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठून पाणी देणारा आहे. पण मोबाईल जोडायच्या त्या सॉफ्टवेअरची एक सवय त्याला ठाऊक नव्हती. एकदा "या संगणकावर प्रत ठेव" असे त्याला सांगितले की फोन जोडला की ते फोनमधले फोटो, व्हिडिओ, निरोप या सगळ्यांची प्रत गुपचूप संगणकावर उतरवत बसते. त्यालाच बॅकअप म्हणतात. फोनमध्ये लग्नाचे, जत्रेचे व्हिडिओ असले की ही प्रत पोतीच्या पोती भरते. आणि ती भरते कुठे? जिथे नोंदीचे सॉफ्टवेअर आपली माहिती ठेवते त्याच डिस्कवर.

आडसालीच्या नोंदी जोरात चालू असताना एका दुपारी डिस्क गच्च भरली. पडद्यावर नोंद लिहिली जात होती, पण आत जाऊन बसायला जागाच नव्हती. कणगी भरल्यावर वरून धान्य ओतत राहिले तर ते बाजूला सांडते, तसे झाले. संध्याकाळपर्यंतच्या अकरा नोंदी हरवल्या. कागदी कच्च्या वहीवरून नऊ परत लावता आल्या. दोघांनी घाईत वहीवर सही केली नव्हती आणि पावतीही घेतली नव्हती. त्यांतले एक सभासद पुन्हा तीन आठवड्यांनी चौकशीला आले, तेव्हा त्यांची नोंद नव्याने झाली आणि तारीखही त्या दिवसाच्या हिशेबाने पडली. चूक ध्यानात येऊन पाळी दुरुस्त करेपर्यंत टोळ्या पुढच्या गावाला गेल्या होत्या. त्यांचा ऊस तुऱ्यात गेला. त्यांनी आम्हांस एक शब्द लावून बोलले नाही, त्यामुळे आम्हांला जास्तच लागले.

इथे विषाणू नव्हता, चोरी नव्हती, कुणाचा दुष्टपणाही नव्हता. एक साधे, नामांकित, पैसे न पडणारे सॉफ्टवेअर होते, आणि ते चुकीच्या संगणकावर बसले होते.

सीडीतली हुमणी

आता परदेशातली एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण नुसते गाणे वाजवण्याने केवढा अनर्थ होऊ शकतो हे तिच्यावरून कळते. २००५ साली सोनी बीएमजी या बड्या संगीत कंपनीने अमेरिकेत काही सीडी बाजारात आणल्या. लोकांनी गाण्यांच्या प्रती काढू नयेत म्हणून त्यांत एक युक्ती केली होती. सीडी संगणकात घातली की ती म्हणे, आधी माझे वाजवणारे सॉफ्टवेअर बसवा, मग गाणे ऐका. माणूस होकाराचे बटण दाबी. गाणे सुरू होई. त्याबरोबर एक्ससीपी नावाचे दुसरेच काही तरी संगणकाच्या गाभ्यात जाऊन लपे. त्याचा उल्लेख करारपत्रात नीट केलेला नव्हता, आणि ते काढून टाकायची सोयही दिलेली नव्हती.

मार्क रुसिनोविच नावाच्या संगणकतज्ज्ञाने व्हॅन झँट या गायकबंधूंची अशी एक सीडी स्वतः पैसे देऊन घेतली होती. आपला संगणक तपासताना त्याला या लपलेल्या गोष्टीचा माग लागला आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्याने ते जाहीर केले. जगभर गवगवा झाला.

अशा लपणाऱ्या आज्ञावलीला रूटकिट म्हणतात. तिथे रूट म्हणजे झाडाचे मूळ नव्हे, संगणकाचा सर्वाधिकार असलेला धनी. पण आपल्याला ते मूळच समजून चालेल. हुमणी कशी असते? वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर बसतात, जमिनीत अंडी घालतात. पुढे अळी मुळे खात बसते आणि वर ऊस हिरवागार दिसत असतो. पाने पिवळी पडून आपल्या लक्षात येईपर्यंत बेट हाताने ओढले तरी उपटून येते. एक्ससीपीचे तसेच होते. ठराविक खुणेने सुरू होणारे नाव असलेली कोणतीही फाइल ते संगणकाच्या मालकापासून लपवून ठेवी. ही खूण एकदा जगजाहीर झाल्यावर चोरांनीही आपल्या विषाणूंना त्याच खुणेची नावे दिली. म्हणजे गाणे राखायला बांधलेल्या आडोशाला दरोडेखोर येऊन बसले. कुणी ते हाताने उपटून काढू लागला तर संगणकाचा सीडी वाचणारा भागच दिसेनासा होई. कंपनीने घाईने काढून टाकण्याची जी सोय दिली तिच्यातही नवे भगदाड निघाले.

एकूण ५२ प्रकारच्या सीडींवर हे एक्ससीपी होते. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या, खटले झाले, आणि जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना ज्यांच्या संगणकाची नासधूस झाली त्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले.

हे कुणा गल्लीतल्या भामट्याने केले नव्हते. दुकानातून रीतसर पैसे देऊन आणलेली सीडी होती. ज्याने ती घरी ऐकली त्याचा एक संगणक बिघडला. ज्याने दुपारच्या सुटीत कचेरीत ऐकली त्याने मालकाच्या संगणकात हुमणी सोडली, आणि तिचा त्यालाही पत्ता नव्हता.

जुने झालेले आणि वाटेत सापडलेले

सीडीचा जमाना गेला, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण बाकीच्या वाटा उघड्याच आहेत.

क्विकटाइम नावाचे चित्रफिती दाखवणारे अॅपल कंपनीचे सॉफ्टवेअर एके काळी बहुतेक विंडोज संगणकांवर असे. आयट्यून्स घेतले की तेही बरोबर येई. एप्रिल २०१६ मध्ये त्यात दोन भगदाडे असल्याचे उघड झाले आणि कंपनी विंडोजसाठीची त्याची दुरुस्ती बंद करणार असल्याचेही. अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने लोकांना ते काढून टाकण्याचा सल्ला दिला. पण ते आपल्या संगणकावर आहे हेच ज्याला माहीत नाही तो काय काढणार? करमणुकीचे सॉफ्टवेअर हौसेने बसते आणि हौस संपली की बेवारस पडते. बांधावरच्या घाणेरीसारखे ते आपण होऊन जात नाही.

दुसरे आपल्याच देशातले. व्हीएलसी नावाचे चांगले, फुकट सॉफ्टवेअर आहे. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये ते सुरू केले आणि आता व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था ते चालवते. २०२२ मध्ये भारतात या संस्थेचे संकेतस्थळ काही महिने बंद केलेले होते. नोव्हेंबरात ते पुन्हा खुले झाले. मधल्या काळात ज्याला व्हीएलसी हवे होते तो मिळेल तिथून उतरवून घेत होता. आता बियाणे महामंडळाचे दुकान बंद म्हणून मोंढ्यात सुट्ट्या पिशवीतले बी घेतले, तर पिशवीवर नाव काहीही असो, आत काय आहे ते उगवल्यावरच कळणार. आमच्या त्या क्लार्कने "नेटवरून काही तरी" उतरवले होते, ते नेमके कुठून, हे आम्ही विचारलेही नव्हते.

पेनड्राइव्हचे तर विचारूच नका. पुष्कळांना वाटते की काट्याचा संगणक इंटरनेटला जोडला नाही की तो सुरक्षित. इराणमधल्या नतांझ येथील अणुकेंद्राची यंत्रे बाहेरच्या जगाला जोडलेली नव्हती, तरी २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट नावाचा किडा तिथपर्यंत पोचला होता आणि पेनड्राइव्ह ही त्याच्या प्रवासाची एक वाट होती. आपला काटा म्हणजे काही अणुकेंद्र नव्हे, कोणी मुद्दाम आपल्यामागे लागेल असेही नाही; पण रात्रपाळीला बघायला म्हणून आणलेल्या पिक्चरच्या पेनड्राइव्हला काटा आणि अणुकेंद्र यांतला फरक कळत नाही.

आणि एका संगणकाला लागलेला रोग तिथेच थांबत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा विषाणू पसरला, तो संगणकातील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागत असे. काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर संगणक त्याने धरले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचेही काही संगणक सापडले. त्याला गाण्याच्या सॉफ्टवेअरची गरज पडली नव्हती, जाळ्यातल्या एका दुरुस्ती न केलेल्या संगणकावरून तो दुसऱ्यावर उडी मारी. वास्तविक त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ लाच दिली होती. तांबेऱ्यासारखेच हे: एका सरीत दिसला तेव्हा शेजारच्या सरीत पोचलेला असतो. गट ऑफिसे, काटा आणि ई.डी.पी. एकाच जाळ्यात आहेत. भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा घाला पडल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्तीसेवाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा जुन्या संगणकांची काळजी आणखी वाढली आहे.

फुकट आहे, मग काय बिघडलं?

हा प्रश्न आम्हांस नेहमी ऐकू येतो. दोन गोष्टी बिघडतात. पहिली परवान्याची. पुष्कळ सॉफ्टवेअर "घरगुती वापरास मोफत" असते, कचेरीत वापरले तर परवाना लागतो. स्पॉटिफायसारखी गाण्याची सेवाही वैयक्तिक, बिगर-व्यापारी वापरासाठीच दिलेली असते. व्हीएलसीला अशी अट नाही, कचेरीतही ते चालते. आणि परवाना मोडलेली चोरटी प्रत असेल तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे जाणूनबुजून ती वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. संगणक कारखान्याचा म्हणजे नाव कारखान्याचे, म्हणजे शेवटी तुमचे.

दुसरी गोष्ट लाइनीची. गट ऑफिसला इंटरनेटची जेमतेम लाइन असते. बरा आवाज हवा म्हणून सेकंदाला १६० किलोबिटने गाणे ऐकले तर तासाला ७२ एमबी जातात. नोंदीचा मजकूर चार किलोबाइटचा धरला तर तेवढ्यात अठरा हजार नोंदी कारखान्यावर पोचल्या असत्या. स्पष्ट चित्राचा पिक्चर तर तासाला तीन जीबीपर्यंत ओढतो. पाण्याची पाळी एकाच चारीला असते, वरच्याने दार उघडे ठेवले की खालच्याच्या रानात काय येणार?

दुसरी बाजू

इतके सारे ऐकल्यावर ई.डी.पी. विभागाचे बरोबर, सरसकट बंदी घाला, असे वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही.

हंगामात काट्यावर रात्री बसणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. पहाटे तीनला थंडीत गाड्यांची रांग, दर गाडीला तीच चार बटणे. झोपाळलेल्या माणसाच्या हातून गाडीचा नंबर चुकला तर ते नुकसानही सभासदाचेच. अशा कंटाळवाण्या कामात संगीताचा उपयोग होतो हे नवे नाही. महायुद्धाच्या काळात जून १९४० मध्ये बीबीसीने खास कारखान्यांतल्या कामगारांसाठी गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला, तो १९६७ पर्यंत चालला. आपल्याकडेही भांगलणीला बायका गाणी म्हणतात, मोटेवर गाणी होती. कामाच्या जागी गाणे म्हणजे कामचुकारपणा, हे आम्ही मानत नाही.

शिवाय नुसत्या बंदीने गोष्ट थांबत नाही, ती लपून होते. विंडोजमध्ये सर्वाधिकाराचा पासवर्ड काढून घेतला तर पुष्कळ सॉफ्टवेअर बसत नाही, हे खरे. पण काही सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसते, त्याला धन्याची किल्ली लागतच नाही. स्पॉटिफायचे एक रूप असेच बसते. ते अडवायला ठराविक सॉफ्टवेअरच चालू द्यायचे, बाकी नाही, अशी यादी संगणकात बांधावी लागते. ते काम ई.डी.पी. ला जमण्यासारखे आहे, पण ज्या मुलाला आपण चोर ठरवले तो त्यातूनही पळवाट शोधत बसेल. त्यापेक्षा त्याला सरळ वाट दाखवलेली बरी.

सरळ वाट आज प्रत्येकाच्या खिशात आहे. स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या डेटावर, समोर सभासद नसताना खुशाल गाणे ऐकावे. मात्र तो मोबाईल चार्जिंगसाठी कारखान्याच्या संगणकाला जोडू नये. त्या वायरीतून वीज जाते तशी माहितीही जाते, पुढचा सारा घोटाळा तिथून सुरू होतो. चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावावा. काट्याच्या केबिनमध्ये एक साधा रेडिओ ठेवावा, असेही आम्ही सुचवले आहे. त्याची किंमत फार नाही आणि रेडिओला विषाणू लागत नाही.

फिल्म दाखवण्याबाबत मात्र ई.डी.पी. शी आमचे अजून जमलेले नाही. ते म्हणतात, एकाला सूट दिली की सगळे मागतील. आमचे म्हणणे, ठिबक, पाचट, बेणे प्रक्रिया या गोष्टी कागदावर वाचून कळत नाहीत, डोळ्यांनी पाहिल्या की कळतात. 'आमची माती आमची माणसं' बघून किती जणांनी शेतीत बदल केले, ते आमच्या पिढीने पाहिले आहे. तेव्हा व्हीएलसी हे एकच सॉफ्टवेअर ई.डी.पी. ने स्वतः मूळ संकेतस्थळावरून आणून, तपासून, गट ऑफिसच्या संगणकावर बसवावे, त्याच्या नव्या आवृत्त्या त्यांनीच घालाव्यात, आणि फिल्म कारखान्यावरूनच तपासून पाठवाव्यात, असे टिपण आम्ही कार्यकारी संचालकांकडे दिले आहे. काट्याचा संगणक आणि ई.डी.पी. मधले मुख्य संगणक यांवर व्हीएलसीदेखील नको. तिथे वजन आणि हिशेब, तिसरे काही नाही. या भागावर आमच्या दोन्ही विभागांचे एकमत आहे. आमच्याकडे असलेला सर्वाधिकाराचा पासवर्ड आम्ही त्या प्रकरणानंतर परत केला, तो आता शेतकी विभागात कोणाकडेही नाही.

सभासदांकडूनही थोडे हवे

एक गोष्ट रागावू नका म्हणून सांगतो. गट ऑफिसच्या संगणकात बाहेरचे पेनड्राइव्ह घालणारा दर वेळी क्लार्कच असतो असे नाही. "साहेब, एवढा सातबारा छापून द्या", "पोराचा फॉर्म आहे, प्रिंट मारा की", असे म्हणत पेनड्राइव्ह पुढे करणारे आपल्यातलेच. क्लार्क गावचाच असतो, त्याला नाही म्हणता येत नाही. त्याने नाही म्हटले तर ते आमच्या सांगण्यावरून म्हटले असे समजावे, त्याच्याशी वाद घालू नये. छपाईसाठी गावात महा ई-सेवा केंद्र आहे.

नोंद दिल्यावर कच्च्या वहीवर सही करावी आणि छापील पावती हातात घेतल्याशिवाय उठू नये. लाइट नाही, प्रिंटर बंद आहे असे सांगितले तर वहीच्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. घरी गेल्यावर पावतीवरची लागणीची तारीख, क्षेत्र, उसाची जात आणि खाते क्रमांक वाचून पाहावा, स्वतःला वाचता येत नसेल तर मुलासुनेकडून वाचून घ्यावा. तारीख चुकलेली आढळली तर आठ दिवसांच्या आत पावती घेऊन गट ऑफिसात या. तिथे काम झाले नाही तर सरळ शेतकी विभागात आमच्याकडे या. आम्ही सकाळी शिवारात असतो, दुपारी तीननंतर भेटतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग